अक्काचं लिंपण

चैत्र लागला की आमच्या कॉलनीतल्या गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात, त्यांवर कुरडया, पापड, सांडगे वाळायला पडतात आणि इकडं माझ्या पोटात दुखायला लागतं. खोटं कशाला बोलू? समोरच्या घरातल्या बाई दरवर्षी ताटभर कुरडया आणून देतात. मी तोंडभरून म्हणते, "अगंबाई, काय पांढऱ्याशुभ्र झाल्यात हो!" आणि त्यांची पाठ वळली की नातीला सांगते, "चीक नीट शिजला नाही. मीठही जास्त पडलंय." नात म्हणते, "आजी, आधी खाऊन तर बघ." मी खात नाही. दुसऱ्या बाईच्या हातचं वाळवण चांगलं झालेलं मला बघवत नाही. हा दुर्गुण माझ्यात कधी शिरला ते मला पक्कं ठाऊक आहे. ऋतू, घर, बाई, सगळं ठाऊक आहे.

बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. सगळी वस्ती तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. तिला अक्षर येत नव्हतं, आजही येत नाही. मी जन्मभर शाळेत शिकवलं. माझे विद्यार्थी परभणीच्या बाजारात भेटले की पिशव्या खाली ठेवून पाया पडतात. घर आहे, पेन्शन आहे, मुलगा चांगला निघाला. कुणाचा हेवा करावा असं माझ्याकडं काही कमी नाही. तरी आजही कुणी "अक्काच्या हातची खारोडी" असे तीन शब्द उच्चारले की माझं डोकं फिरतं. म्हातारपणी तरी माणसानं शहाणं व्हावं की नाही? नाही झाले बुवा.

परवा नात मोबाइलवर काहीतरी बघत बसली होती. कुठला तरी परदेशातला माणूस तळघरात उभा राहून डबे दाखवत होता. हे तांदूळ, ही डाळ, हे वाळवलेलं मांस, हे पाणी. उद्या सरकार कोसळलं, दुकानं बंद पडली, जग बुडालं, तर वर्षभराची सोय. नातीला त्याचं फार कौतुक. "आजी, याला म्हणतात तयारी!" मला आधी हसू आलं आणि मग रागच आला. अगं, जग बुडायला एवढं सगळं कशाला लागतं? गावातल्या एकुलत्या एका दुकानदारानं तुला येताना बघून फळ्या लावून घेतल्या की झालं, बुडालं जग. मी ते बघितलंय. त्या बुडालेल्या जगात अकरा घरांना खाऊ घालणारी बाईही बघितलीय. तिच्याकडं तळघर नव्हतं. कुडाचं घर, वर पत्रे आणि आत चार रांजण. हे सगळं नातीला सांगायला मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं, कारण ते सांगायचं म्हणजे अक्काचं कौतुक करावं लागलं असतं.

आमचं गाव ताडकळसच्या पुढं. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ, आमची बौद्ध वस्ती. अकरा घरं आणि एक आड. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मी डी.एड. झालेली, शेजारच्या गावच्या शाळेत नोकरीला. नवरा सेलूला जिनिंगमध्ये कामाला, शनिवारी यायचा. घरात थोरले दीर, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि अक्का. दोघंही दुसऱ्याच्या शेतात राबायचे. वस्तीत सही करून पगार घेणारी बाई मी एकटी. लग्नानंतर आयाबाया मला बघायला आल्या तेव्हा एकीनं माझा हात हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. मी काही कमी फुगले नव्हते. आता या घरात माझ्याच शब्दाला किंमत, असं मनाशी धरून बसले होते.

ते फुगणं उन्हाळ्यापर्यंत टिकायचं. उन्हाळा म्हणजे अक्काचं राज्य.

तिची तयारी पौषातच सुरू व्हायची. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून आणायचा आणि तो सावलीत वाळवायचा. उन्हात घातला की वास उडून जातो म्हणायची. मग मेथी, अंबाडी, गवार, वांग्याच्या फोडी. मग बाजरीच्या खारोड्या. भरडा आंबवून, त्यात तीळ, जिरं, मिरची घालून शिजवायचा आणि गरम असतानाच बोटांनी तोडून साडीवर टाकायच्या. तिची बोटं कशी भाजत नव्हती देव जाणे. नंतर कैरीच्या फोडी, मिरच्या, चिंचेचे मीठ लावलेले गोळे. ज्वारीला राख चोळायची, थरावर थर निंबाचा पाला घालायची. आणि प्रत्येक गोष्ट वाळली की नाही हे ती डोळ्यांनी बघायचीच नाही. कानाजवळ नेऊन चुरगाळायची. "वाजलं पायजे," म्हणायची. वाजलं नाही तर परत उन्हात. मी एकदा गुपचूप मूठभर मेथी कानाशी नेऊन चुरगाळली. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

ही कला तिला आमच्या सासूनं दिली होती. सासूच्या काळात वस्तीत वाळवायचे ते वेगळंच काही वाळवायचे. ढोर मेलं की त्याचा वाटा यायचा, ते मांस दोरीवर टाकून वाळवायचं आणि उपासमारीच्या दिवसांत तोंडात टाकायचं. धम्म घेतला तेव्हा सासूनं ती दोरी स्वतःच्या हातानं सोडून चुलीत घातली. पण दिवस वाईट येतात, ते सांगून येत नाहीत, आणि तेव्हा दुसऱ्याच्या दारात जायचं नसेल तर घरात काहीतरी वाळलेलं पाहिजे, हे काही ती विसरली नाही. तिनं सुनेला पाला वाळवायला शिकवलं. मी घरात आले तोवर सासू राहिली नव्हती. म्हणजे मला शिकवायला फक्त अक्काच उरली होती, आणि अक्कापुढं बसून शिकायचं माझ्या जिवावर यायचं.

सगळ्यात शेवटी यायचं लिंपण. रांजण भरला की त्याच्या तोंडावर मातीची परात पालथी घालायची आणि कडेनं लिंपायचं. चाळलेली काळी माती, शेण, राख, मूठभर भुसा. पाणी इतकं बेताचं की हाताला ओल लागावी पण थेंब पडू नये. भर दुपारी एक हात, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. मग बोटाच्या पेरानं टकटक करून बघायची आणि म्हणायची, "आता ह्यो गप झाला." एकदा गप झालेला रांजण उघडायचा तो कडक ऊन असतानाच. आभाळ असताना उघडायचा नाही. आठ दिवसांचं एकदम काढून घ्यायचं, परत लिंपायचं, आणि पावसाळा असेल तर सभोवती गवऱ्यांचा विस्तव ठेवून ते लिंपण शेकून घ्यायचं. दमट हवा आत शिरली की सगळं गेलं. हे सगळ्या वस्तीला पाठ होतं. मलाही होतं.

मी एकदा म्हटलं होतं, "अक्का, मी लिंपते की. दाखवा मला." ती हसून म्हणाली, "तुमी कशाला मातीत हात घालता मास्तरीणबाई? तुमचे हात कागदाचे हायत." आता वाटतं, ती मान देत होती. मी मास्तरीण म्हणून ती मला, धाकट्या जावेला, अहोजाहो करायची. तेव्हा मात्र ते वाक्य मला असं झोंबलं की मी घरात जाऊन रडले. शनिवारी नवरा आला. पायातल्या वहाणा काढायच्या आधी त्यानं विचारलं, "अक्का, खारोड्या झाल्या का औंदा?" मी नवी साडी नेसून उभी होते. त्याचं लक्षच नाही! त्या दिवशी मी अक्काला मनातल्या मनात जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

त्याच उन्हाळ्यात तिनं जातं टाकवून घेतलं, म्हणजे गुळगुळीत झालेले दगड छिन्नीनं पुन्हा खडबडीत करून घेतले. गावात गिरणी होती, वस्तीतल्या बाकी जात्यांचे दगड आडाजवळ कपडे आपटायला पडले होते, आणि ही बाई जात्याला टाकी लावून घेतेय! मी दादांसमोर हसून म्हटलं, "गिरणी असताना?" अक्का म्हणाली, "गिरनी त्येंची हाय." एवढंच. मला तो अडाणीपणा वाटला.

मग पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्याची बातमी रेडिओवर आली. नामांतराच्या मोर्चाला जाऊन आलेल्या आमच्या वस्तीनं गूळ वाटला. दादांनी पोरांना खांद्यावर घेतलं. आणि दोन-चार दिवसांतच दुसऱ्या बातम्या यायला लागल्या. अमक्या गावात घरं पेटवली, तमक्या गावातून माणसं पळाली. एसट्या बंद झाल्या. सेलूहून नवऱ्याचा निरोप येईना. आमच्या गावात घरं जळाली नाहीत, एवढं खरं. आमच्या गावानं फक्त आमच्यावर बहिष्कार घातला. दुकान आम्हाला बंद, गिरणी बंद, कामाला बोलावणं बंद, गावातून जायची वाट बंद. शाळेच्या गावाला जायचं तर त्याच वाटेनं जावं लागे, म्हणून माझी शाळाही बंद. निरोप आला तो असा: चावडीवर या, हात जोडा, पुन्हा मोर्चाला जाणार नाही म्हणा, मग बघू.

वस्तीतले सगळे आमच्या दारात जमले. दादा म्हणाले, "हात जोडायचे न्हाईत." सगळ्यांनी माना हलवल्या. पण प्रश्न दादांना नव्हताच. सगळ्यांचे डोळे अक्काकडं. कुणीतरी विचारलं, "अक्का, किती दिस निघत्याल?" ती आत गेली. एकेका रांजणावर टकटक केल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाली, "खुरपनीपस्तोर निघत्याल. माजा जिम्मा."

हिशेब साधा होता. पाऊस उघडला की दुसरी खुरपणी लागते. शेतात तण माजतं आणि मग बागायतदार असो की जिरायतदार, त्याला बाया लागतातच. आमच्या बाया. त्यांच्या रानात गवत आधी माजतं का आमचे रांजण आधी रिकामे होतात, एवढाच प्रश्न होता. गवत आधी माजलं तर ते आमच्या दारी येतील. रांजण आधी रिकामे झाले तर आमची माणसं चावडीवर जाऊन हात जोडतील आणि मग पिढ्यान्‌पिढ्या मान वर करायची सोय नाही.

आता खरं सांगते. सगळी वस्ती भेदरलेली होती, आणि मी जळत होते. लाज वाटते सांगायला. माझ्या ट्रंकेत पगार तसाच पडून होता आणि त्याचं मीठसुद्धा येत नव्हतं. दोन वर्षं जिच्या सहीचं कौतुक होतं ती बाई कोपऱ्यात बसलेली आणि अडाणी अक्का सगळ्यांची राणी! पहाटेपासून आमच्या जात्यावर बायांची रांग. दुपारी ऊन पडलं की ती रांजण उघडायची. कुणाला ज्वारीच्या कण्या, कुणाला हरभऱ्याचा पाला, लेकराबाळांच्या घरी खारोड्या. कुणाच्या घरी किती तोंडं, कोण आजारी, कुणाला आंबट चालत नाही, सगळं तिच्या ध्यानात. म्हातारे म्हणायचे, "अक्का हाय म्हनून बरं." मी विचारलं, "मी काय करू?" ती म्हणाली, "पोरास्नी शिकवा. भ्यालीत बगा पोरं." मी निंबाखाली पोरांना पाढे म्हणायला बसवलं. पाढे म्हणता म्हणता सगळ्यांच्या माना चुलीच्या वासाकडं वळलेल्या. पोरांवर कशाला ओरडायचं? माझीही मान तिकडंच होती.

पावसानं मध्येच झड धरली. तीन रांजण संपले होते, त्यांतलं शेवटचं काढलेलं आठवडाभर पुरवायचं होतं. चौथा, सगळ्यात मोठा, उरला होता, आणि त्यावरच सगळी मदार होती. त्या दिवशी सकाळपासून झिमझिम. अक्का बायांना घेऊन ओढ्याच्या अंगाला सरपणाला गेली होती. घरात मी एकटी. तेवढ्यात शेजारची गिरजा आली. बाळंत होऊन दीड महिना झालेली, पोर पदराखाली. दारातून आत डोकावून म्हणाली, "अक्का हायत का?"

मी म्हटलं, "नाहीत. मी आहे की. काय पाहिजे?"

"न्हाई... काई न्हाई. अक्का आल्यावर येते."

म्हणजे मी घरात असून नसल्यासारखी! मी उठले. "काय पाहिजे ते सांगा," म्हटलं. ती चाचरत म्हणाली, "दूध उतरंना झालंय. सकाळधरून पोटात काई न्हाई." मी सरळ मोठ्या रांजणाकडं गेले आणि उलथन्यानं लिंपण खरवडायला लागले. गिरजा घाबरली. "मास्तरीणबाई, आभाळ हाय. अक्का आभाळात उघडत न्हाईत."

"मला शिकवू नका," मी म्हटलं.

चुलीवर सकाळच्या कण्या झाकून ठेवल्या होत्या. माझ्या वाटणीच्या. त्या तिला दिल्या असत्या तरी भागलं असतं, अक्का आली असती तर तिनं तेच केलं असतं. पण माझ्या वाटणीच्या कण्या दिल्यानं कोण मोठं होतं? मला रांजणातून द्यायचं होतं. मी परात बाजूला केली आणि ओंजळी भरभरून खारोड्या, पाला, भाजक्या ज्वारीचं पीठ गिरजाच्या पदरात घातलं. ती रडायलाच लागली. "लय उपकार झाले तुमचे, मास्तरीणबाई," म्हणाली. काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं. मी म्हटलं, "अक्काला सांगू नका बरं." तिनं मान हलवली आणि शब्द शेवटपर्यंत पाळला.

मग मी रांजण लिंपला. अंगणातलीच माती घेतली, ती पावसानं आधीच भिजलेली, वर आणखी पाणी घातलं. छान मऊ झाली. हातानं फिरवून फिरवून गुळगुळीत केली. विस्तव ठेवायचा कंटाळा केला असं नाही, विस्तव ठेवला असता तर अक्कानं विचारलं असतं. लांब उभी राहून बघितलं आणि मनाशी म्हटलं, तिच्यापेक्षा माझंच सुबक दिसतंय. खोली अंधारी होती. अक्का आली, दमलेली होती, तिकडं फिरकलीच नाही.

सात-आठ दिवसांनी ऊन पडलं. बाया टोपल्या घेऊन दारात उभ्या. अक्कानं हात लावताच भिजून भेगाळलेलं लिंपण गळून पडलं, तिनं परात उचलली आणि वास आला. आंबट, कुबट, ओल्या पोत्याला येतो तसला. तिनं हात घातला, मूठ बाहेर काढली. खारोड्यांवर पांढरी बुरशी. पाला काळा पडून चिकटलेला. तिनं तो कानाजवळ नेऊन चुरगाळला. मी तिच्याकडं बघत होते. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही पडते. पण ती पडली नाही. बायांकडं वळून म्हणाली, "माजं लिंपन कच्चं राह्यलं."

मी दोन हात अंतरावर उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलं, निदान मला तसं वाटलं. मी खात्रीनं समजले की हिला कळलंय. माती वेगळी, हात वेगळा, हिला कसं कळणार नाही? हिला सगळं कळलंय आणि ही सगळ्यांसमोर मला पाठीशी घालतेय. आणि तुम्हाला वाटेल, मी तिचे पाय धरले असतील. छे! मला राग आला. संताप आला. एवढी मोठी व्हायचं कारण काय हिला? खाऊ घालायचा मानही हिचाच आणि माझ्या चुकीवर पांघरूण घालायचा मोठेपणाही हिचाच. माझं पापसुद्धा हिनं माझ्याकडं राहू दिलं नाही. मी गप्प राहिले ते भीतीनं नाही, या रागानं. पुढं चाळीस-बेचाळीस वर्षं गप्प राहिले.

त्यानंतरचे दिवस आठवले की जीभ कोरडी पडते. ओढ्याकाठचा तरोटा, बांधावरची चिवळ, भाजलेले चिंचोके. मूठभर ज्वारी पातेलंभर पाण्यात. अक्का सगळ्यांत शेवटी खायची, म्हणजे बहुतेक खायचीच नाही. तिचे हात काडीसारखे झाले. ती बोलेनाशी झाली. कुणी "अक्का, असू द्या, होतं एखाद्या वेळी" म्हटलं तर उठून बाहेर जायची. एका सकाळी दोघा माणसांनी टोप्या घातल्या, चावडीवर जातो म्हणाले, लेकरं बघवत नाहीत. दादांनाही त्यांना अडवायचं बळ उरलं नव्हतं. अक्का त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "चूक माजी हाय. मला काय बोलायचं ते बोला. पर चार दिस थांबा. रानाकडं बगा की, गवत गुडघ्याला लागलंय." ते थांबले.

चौथ्या नाही, पाचव्या दिवशी गावातला एक जण चिखल तुडवत वस्तीच्या कडेला येऊन उभा राहिला. आत आला नाही. तिथूनच ओरडला, "खुरपायला बाया पायजेत!" दादा दारातूनच म्हणाले, "दुकान उघडा, गिरनी उघडा. मग येतील." तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचा फटफट आवाज आला आणि सगळी वस्ती रडली. हात कुणीच जोडले नाहीत. आमच्या वस्तीच्या आजही ज्या काही ताठ माना आहेत त्या त्याच पाच दिवसांच्या. अक्का मात्र त्या सकाळी जात्याजवळ भिंतीकडं तोंड करून निजली होती.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं वाळवण केलं, पण रांजण भरले नाहीत. पत्र्याचे डबे आणले. एक रांजण पाण्याला घेतला, बाकीचे कुणाकुणाला देऊन टाकले. लिंपणाला तिनं परत हात लावला नाही. मला वाटलं, हा मला टोमणा. मग आम्ही परभणीला आलो. पुढं नामविस्तार झाला तेव्हा ती माझ्याकडं आली होती. रस्त्यावर ढोल, घरात माणसांची गर्दी, आणि कुणीतरी त्या पावसाळ्याचा विषय काढला. "अक्कानं जगवलं हो आमाला!" अक्का हातातला कप ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली. मी मनात म्हटलं, बघा, आता विनयसुद्धा हिचाच. इतकी वर्षं मी तिच्या उपकाराखाली दबून तिचा दुस्वास केला. सणावाराला साड्या दिल्या, दवाखाना केला, पण एक गोड शब्द म्हणून नाही.

तर परवा त्या व्हिडिओनंतर नात मागंच लागली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, तुझी मोठी आजी वर्षभर अन्न टिकवायची म्हणे. "चल, तिच्याकडून शिकू." गावी गेलो. अक्का आता ऐंशीच्या पुढं. स्लॅबचं घर, मुलगा-सून चांगली. ओट्यावर उन्हाला बसली होती. नात तिच्यापुढं मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मोठी आजी, रांजण कसा लिंपायचा ते सांगा ना."

"मला नगं इचारू बाई," अक्का म्हणाली. "दुसऱ्या कोनाला इचार. माजं लिंपन फुटलं हुतं. ऐन वख्ताला. अकरा घरं माज्या जिम्म्यावर हुती आन्‌ माजं लिंपन फुटलं. आजून घास उतरत न्हाई कदी कदी. कुठं चुकलं त्येच कळलं न्हाई. राख कमी पडली म्हनावं तर राख मीच चाळली हुती."

हिला माहीत नव्हतं. तेव्हाही नव्हतं. तिनं मला पाठीशी घातलंच नव्हतं. सबंध आयुष्य जो मोठेपणा मी हिच्यावर लादून हिचा राग केला, तो कधी नव्हताच. ही बाई इतकी वर्षं फक्त आपली राख आठवत बसली होती.

"अक्का," मी म्हटलं, "तो रांजण मी उघडला होता. आभाळ असताना. गिरजाला द्यायला. परत मीच लिंपला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी वाट बघत होते. मारील, थुंकेल, घरातून जा म्हणेल. ती हळूच म्हणाली, "म्हंजे... माजं लिंपन पक्कं हुतं?"

"पक्कं होतं, अक्का."

"फुटलं न्हवतं?"

"नव्हतं. मी उलथन्यानं खरवडलं. लवकर निघतच नव्हतं."

"निघत न्हवतं!" म्हातारी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू. सुनेला हाक मारली, रस्त्यानं जाणाऱ्या बाईला थांबवून सांगितलं, "अगं ऐकलं का, माजं लिंपन पक्कं हुतं! निघत न्हवतं!" ती बाई गोंधळून बघत राहिली. नातीचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. माझ्या गुन्ह्याचं तिथं कुणालाच काही नव्हतं.

मग ती शांत झाली, माझ्याकडं वळली आणि पहिल्यांदाच अहोजाहो सोडून बोलली. "मग येवढी वर्सं का गं न्हाई सांगितलंस?"

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "मला तुमचा हेवा वाटायचा," मी म्हटलं.

"माजा?" तिला ते खरंच कळेना. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मी चेष्टा करतेय का ते निरखलं. "माजा? कशापायी गं?"

ती उत्तराची वाट बघत बसली. तिच्यात हेवा करण्याजोगं काय आहे, हे मी तिला आजवर एकदाही सांगितलं नव्हतं. नात माझ्याकडं बघत होती. मी सांगायला म्हणून तोंड उघडलं, आणि पहिलं वाक्य काही केल्या निघेना.